सोलापुरात पाण्याच्या आणि रानाच्या नोंदी ठेवायच्यात? मग आधी पातळी लिहा

उन्हाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर, मागवलाय, बोअरच्या पाण्यात बुडवला तर १८०० दाखवतोय, हे चांगलं का वाईट? मी प्रत्येकाला उलट विचारतो, बोअरला पाणी किती फुटांवर आहे? ते बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच आहे, पाणी किती आहे ते लिहिल्याशिवाय पाणी कसं आहे ते लिहू नका.

कारण आपला जिल्हा तसा आहे. वर्षाला पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि खाली काळा कातळ, ज्यात पाणी फक्त मुरमात आणि भेगांत साठतं. साठा छोटा असला की तो आटतोही लवकर, पाणी उडून जातं पण क्षार मागंच राहतात, त्यामुळं मे महिन्यातला १८०० आणि ऑक्टोबरातला १८०० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे मधला निव्वळ आटल्यामुळं असू शकतो. ऑक्टोबरात विहीर तुडुंब असूनही १८०० येत असेल तर क्षार कुठून तरी आत येतायत, खतातनं, सांडपाण्यातनं नाहीतर कालव्याच्या पाझरातनं, आणि ते शोधायला पाहिजे. पातळीचा आकडा शेजारी नसेल तर यातलं कुठलं खरं हे कुणीच सांगू शकत नाही, लॅबवाले पण नाही.

आता कामाला लागू.

जागा निवडणं

सगळा जिल्हा डोक्यावर घेऊ नका. घरापासून सायकलवर जाता येईल अशी एक विहीर आणि एक तळं किंवा ओढा, बास. शहरात राहात असाल तर संभाजी तलाव, म्हणजे जुने लोक ज्याला कंबर तलाव म्हणतात तो, किंवा सिद्धेश्वर तलाव घ्या. थोडं लांब जायची तयारी असेल तर हिप्परगा, कागदावर ज्याचं नाव एकरुख तलाव आहे. नदी घ्यायची असेल तर दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला सीना आणि भीमेचा संगम आहे, नवीन माणसाला शिकायला यापेक्षा चांगली जागा जिल्ह्यात नाही असं माझं मत. संगमाच्या वर सीनेत एक जागा, भीमेत एक जागा, आणि संगमाच्या बऱ्याच खाली दोन्ही पाणी नीट मिसळल्यावर तिसरी. तीन आकडे शेजारी ठेवले की कुठल्या नदीनं काय आणलं ते आपोआप दिसतं. संगमाच्या अगदी तोंडाशी सॅम्पल घेऊ नका, तिथं दोन पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात आणि तुमची बाटली कुठल्या धारेत पडली यावर आकडा ठरतो.

जागा ठरली की मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, एक फोटो काढा ज्यात झाड, खांब, घाटाची पायरी असं काहीतरी कायमचं दिसेल. पुढच्या वेळेला तुमच्याऐवजी दुसरं कुणी गेलं तरी त्याच दगडावर उभं राहिलं पाहिजे.

पाऊस

पर्जन्यमापक घ्या, साधा प्लास्टिकचा चालतो, पण तो मोकळ्यावर ठेवा. शेजारचं घर किंवा झाड जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे तुमचा आकडा सरकारी आकड्याशी ताडून बघता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरतात. मंडळनिहाय पाऊस सरकारच्या महारेन साईटवर मिळतो, तरी पण स्वतःचा मोजा, कारण आपल्याकडं बार्शीच्या अंगानं धो धो आणि मंगळवेढ्याच्या अंगानं कोरडं, किंवा एकाच गावात वरच्या आळीला पडला आणि खालच्या रानात थेंब नाही, हे नेहमीचंच आहे.

विहिरीची पातळी, हे काम नीट शिका

टेप लागतो, कापडी किंवा फायबरचा, ३० मीटरचा. टोकाला नटबोल्टसारखं वजन बांधायचं. टेपच्या खालच्या दीड-दोन मीटरला खडू चोळायचा, शाळेतला पांढरा खडू चालतो. आता कठड्यावर एक जागा ठरवा आणि तिथं ऑइलपेंटनं लाल रेघ मारा, विहीरमालकाला विचारून. टेप त्या रेघेवरून सावकाश खाली सोडा, पाण्यात गेल्यासारखा वाटला की अजून थोडा सोडा, आणि रेघेवर एखादा पूर्ण मीटरचा आकडा धरा, समजा १२. मग वर ओढा. खडू जिथंपर्यंत भिजलाय तिथं रंग एकदम गडद झालेला दिसतो, तो आकडा वाचा, समजा ०.७४. बारामधनं तो वजा केला की ११.२६ मीटर, ही कठड्यापासूनची खोली. आता कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं आणि दरवेळी वजा करायचं, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. पुढं कुणी कठडा बांधून उंच केला तरी तुमच्या जुन्या नोंदी वाया जात नाहीत.

वेळेचं मात्र फार महत्त्व आहे. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर मोजलं तर ती विहिरीची पातळी नव्हे, उपशाची पातळी. तुमच्या फिडरला थ्री फेज लाईट कधी असते ते मालकाला विचारून घ्या, रात्रपाळी असेल तर सकाळी जाऊन उपयोग नाही, कारण रात्रभर उपसा झालेला असतो. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे, मोटर टाकायच्या आधी गेलात की झऱ्यानं भरून स्थिरावलेलं पाणी मिळतं. आण्णा, आज मोटर टाकायच्या आधी येऊ का, एवढं आदल्या दिवशी फोनवर विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो आणि मागच्या चाळीस वर्षांत विहीर कधी कधी कोरडी पडली ते पण ऐकायला मिळतं. ते सगळं लिहून ठेवा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. तुम्हाला दर महिन्याला जमलं तर उत्तम, नाही जमलं तर निदान हे चार महिने सोडू नका, म्हणजे त्यांच्या आकड्यांशेजारी तुमचा आकडा ठेवता येईल. बोअरमध्ये टेप सोडायला जाऊ नका, पाईप आणि केबलमध्ये अडकतो. त्याला पाणी लागलं की आवाज देणारा वेगळा सेन्सर मिळतो, तो गावात दोघातिघांनी मिळून घ्यावा.

आणि एकट्यानं विहिरीच्या काठावर वाकायचं नाही. जुन्या विहिरींचे कठडे ढासळलेले असतात, सोबत माणूस पाहिजेच.

नदी-ओढ्याचं पाणी किती, हे कसं काढायचं

सरळ वाहणारा दहा मीटरचा पट्टा बघा. रुंदी मोजा, चार-पाच ठिकाणी काठीनं खोली मोजून सरासरी काढा, मग लाकडाचा तुकडा सोडून दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा, तीन वेळा. समजा रुंदी ६ मीटर, खोली अर्धा मीटर, वेळ २५ सेकंद. वेग ०.४ मीटर, पण वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात वाहतं म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं, ०.३४ येतो. ६ गुणिले ०.५ गुणिले ०.३४ म्हणजे १.०२, सेकंदाला साधारण हजार लिटर, क्युसेकमध्ये ३६. अंदाजच आहे हा, पण काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीनं बरा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही, आणि वरनं विसर्ग सुटणार असल्याची बातमी असेल तर नदीकडं जायचंच नाही.

भीमेवर काम करणाऱ्यानं वहीत उजनीचा आकडा रोज नाही तरी आठवड्याला लिहावा. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास उपयुक्त, बाकी मृतसाठा. समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटरला शून्य टक्के धरतात आणि ४९६.८३ ला धरण पूर्ण भरतं. पेपरात उजनी वजा झाली असं येतं तेव्हा पाणी संपलेलं नसतं, मृतसाठ्यात उतरलेलं असतं, आणि पुणे-पिंपरी चिंचवडकडनं येणारं सांडपाणी पातळ करायला धरणात पाणीच कमी उरलेलं असतं. त्या दिवसातले दर्जाचे आकडे आणि भरलेल्या धरणाचे आकडे एका सरासरीत घालू नका, ती सरासरी काहीच सांगत नाही.

आपल्याला समुद्र नाही, म्हणून किनाऱ्याचा विषय आपला नाही असं नवीन मुलांना वाटतं. भीमा पुढं कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला, त्यामुळं बोरी नदीवरचं कुरनूर असो की भीमेवरची टाकळी, आपण जे नदीत सोडतो त्यातलं जे कुजत नाही, प्लास्टिक वगैरे, ते पुराबरोबर तिकडच्याच वाटेला लागतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला त्यानंतर काठाच्या बाभळींना अडकलेल्या चिंध्या आणि पिशव्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता दर्जा

सुरुवातीला तीनच गोष्टी, तापमान, पीएच आणि टीडीएस किंवा ईसी, म्हणजे पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता. टीडीएस मीटर खरं तर क्षार मोजत नाही, पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणून टीडीएस दाखवतो, म्हणून मीटरवर ईसी दिसत असेल तर तीच लिहा. महिन्यातनं एकदा १४१३ मायक्रोसीमेन्सच्या स्टँडर्ड सोल्युशनमध्ये मीटर तपासा, पीएचवाला असेल तर ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये, कारण आपलं पाणी आम्लारीकडंच झुकलेलं असतं. तपासलं त्या दिवशी वहीत टीप टाका.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० नंबरचं आहे. त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पीएच साडेसहा ते साडेआठ. नायट्रेट ४५ च्या वर अजिबात नको, आणि फ्लोराईड एक मिलिग्रॅमपर्यंत, फार तर दीड. नीट लक्षात घ्या, टीडीएस ३०० आला म्हणून पाणी पिण्यालायक झालं असं नाही. जंतू, नायट्रेट, कीटकनाशक यातलं काहीही तो मीटर दाखवत नाही. आरओ विकणारी माणसं दारात येऊन मीटर बुडवून दाखवतात आणि बायामाणसं घाबरतात, त्यांना हे समजावून सांगणं हे पण आपल्याच कामात येतं.

नायट्रेट, फ्लोराईडसाठी गावात फिल्ड टेस्ट किट असते, जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ती वापरायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीत जाऊन ताईंना आणि जलसुरक्षकांना भेटा. तुमच्या विहिरीचं पाणी आणि त्यांची किट, दोन्ही एकत्र आलं की अर्धं काम झालं.

लॅबला द्यायचं सॅम्पल असं घ्यायचं. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, तोंड पाणी येतंय त्या बाजूला करून वीतभर खाली बुडवायची, वरचा तवंग आत येऊ द्यायचा नाही आणि तळाचा गाळ ढवळायचा नाही. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र लॅबकडनंच निर्जंतुक केलेली घ्यायची, ती विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, वर थोडी जागा रिकामी ठेवायची आणि बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवायची. आपल्या एप्रिल-मे च्या उन्हात गाडीच्या डिक्कीत दोन तास राहिलेली बाटली तपासून काही कळत नाही, तिच्यावर खर्च करू नका.

शहरातल्या नळाचं थोडं वेगळं आहे. सोलापूरला पाणी उजनीच्या पाईपलाईननं येतं, भीमेवरच्या टाकळीहून येतं आणि हिप्परग्याहून पण येतं, तर तुमच्या पेठेला कुठलं येतं ते आधी विचारून घ्या. नळाला पाणी आलं की पहिली दोन-तीन मिनिटं जाऊ द्या आणि मग क्लोरीन बघा, गावाकडं ज्याला ओटी टेस्ट म्हणतात ती. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, पिंपात-हौदात साठवावं लागतं, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी त्याच पिंपातलं पण तपासा. नळाला चांगलं असलेलं पाणी पिंपात किती दिवस चांगलं राहतं हे तुमच्या घरापुरतं तरी तुम्हाला कळलं पाहिजे.

तळ्यावर कधी जायचं

इथं थोडं थांबतो, कारण याच्यात लोक फसतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, हा तळ्याच्या तब्येतीचा सगळ्यात बोलका आकडा. आंघोळीलायक पाण्याला लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त पाहिजे, मासे जगायला ४. आता हिरवं झालेलं तळं घ्या, ज्यात शेवाळ वाढलंय. दिवसा ऊन असतं तेव्हा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, दुपारी तीनला मीटर १२ पण दाखवेल. बघणाऱ्याला वाटतं वा, तळं एकदम झकास. पण ३० अंशाच्या पाण्यात हवेतनं विरघळून फार तर सात-साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, त्याच्यापेक्षा इतका जास्त आकडा म्हणजे शेवाळ बेसुमार झालंय एवढाच त्याचा अर्थ. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, तळाचा गाळ पण खातो, आणि सूर्य उगवायच्या आधी आकडा दोनवर नाहीतर एकवर आलेला असतो. सकाळी काठाला मेलेले मासे दिसतात आणि लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. कधी कधी टाकतातही, पण आधी पहाटेचा डीओ बघा.

म्हणून डीओ दोनदा मोजायचा, सूर्योदयाच्या आधी आणि दुपारी तीनच्या सुमाराला, त्याच जागी, त्याच खोलीवर. दोन आकड्यांमधला फरक जेवढा मोठा तेवढं तळं आजारी. मीटर महाग वाटला तर थेंब मोजायची डीओ किट मिळते, ती चांगली आहे, फक्त बाटली भरताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये.

घाटावरची पायरी कितवी बुडालेली आहे ते लिहा, हीच तुमची तळ्याची पातळी. शेजारी त्या आठवड्यात काय झालं ते पण लिहा, गड्ड्याची जत्रा होती, गणपती विसर्जन होतं, जलपर्णी काढायला मशीन आलेलं, नाल्याचं पाणी आत येत होतं का बंद होतं. कापड रंगवायच्या कारखान्यांच्या बाजूच्या नाल्यांचा रंग दिसला तर फोटो वेळेसकट ठेवा.

उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी वरनं जातो, एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा बाय दहा मीटर. कोपर्निकस ब्राउझर उघडायचा, हिप्परगा शोधायचा, ऑक्टोबर आणि मे शेजारी ठेवायचे. पावसाळ्यात ढगांमुळं काही दिसत नाही. आणि जलपर्णी वरून शेतासारखी हिरवी दिसते, म्हणून चित्रात पाणी कमी झालेलं वाटलं तरी काठावर जाऊन बघितल्याशिवाय तळं आटलं असं लिहू नका. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हा पक्षीमित्रांबरोबर एकदा जा, चक्रवाक कुठं उतरतात आणि कुठं उतरायचे बंद झाले हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

माती आणि माळ

मातीचं सॅम्पल पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही च्या आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी पापडी घ्यायची. बांध, उकिरडा, झाडाची सावली, ड्रिपची नळी हे टाळायचं. सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत, खताच्या रिकाम्या पोत्यात अजिबात नाही. डाळिंबाची बाग असेल तर वरची फूटभर आणि खालची फूटभर माती वेगवेगळी द्या. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात, त्यातले पीएच, ईसी आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आधी वाचा.

कालव्याच्या पट्ट्यात पांढरं फुटलेलं रान दिसलं की दुकानदार लगेच जिप्सम सांगतो. थांबा. ईसी जास्त आणि पीएच साडेआठच्या आत असेल तर ते खारवट, त्याला चर काढून पाणी निचरून धुवायला लागतं, जिप्समचा उपयोग नाही. पीएच साडेआठच्या वर, पाणी मुरत नाही, वाळलं की दगडासारखं कडक, तर ते चोपण, तिथं जिप्सम लागतो, तोही तपासणीतनं निघेल तेवढाच. आणि इथंही परत पातळी आलीच, त्या रानात भूजल दोन मीटरच्या आत असेल तर पाणी खालनं वर चढत राहणार, उडत राहणार आणि क्षार वर आणत राहणार. अशा रानात विहिरीची पातळी वर आली म्हणून आनंद मानायचा नसतो.

माळाबद्दल एकच सांगतो, पण मनापासून. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, आणि ते जंगलाचं नाही, गवताचं आहे. मोकळा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. चांगल्या मनानं तिथं झाडं लावायला निघालेली मंडळी बघितली की जीव तुटतो, कारण झाडं दाटली की काळविटाची, लांडग्याची, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. गावच्या गायरानात एक बाय एक मीटरची चौकट टाकून आत गवत किती, उघडी माती किती, किती जातींचं गवत, हे पावसाळा संपल्यावर दरवर्षी लिहा. अभयारण्यात जायचं तर वनविभागाची परवानगी काढून.

नोंदी घेऊन कुणाकडं जायचं

गावच्या पिण्याच्या पाण्याचं असेल तर ग्रामपंचायत आणि भूजलची जिल्हा प्रयोगशाळा. शहरात महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग. कारखान्याचं किंवा डिस्टिलरीचं पाणी ओढ्यात आलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. वाळू उपसा असेल तर तहसीलदार, आणि तिथं एकट्यानं जाऊन शूटिंग करायचं धाडस करू नका.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. तुम्ही घेतलेलं सॅम्पल कोर्टात कारखान्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणं मंडळाच्या अधिकाऱ्यानं, समोरच्याला नोटीस देऊन, ठरलेल्या पद्धतीनं घेतलेलंच सॅम्पल चालतं. मग आपल्या नोंदीचा उपयोग काय, तर त्यांनी कुठं आणि किती वाजता यायचं हे आपली वही सांगते. ओढ्याला प्रदूषण आहे असा अर्ज दिला तर अधिकारी दुपारी येतात, पाणी स्वच्छ असतं, फाईल बंद. पण अर्जात असं लिहा की अमुक पुलाखाली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री अकरानंतर, ओढ्यात पाणी एवढं असताना ईसी नेहमीपेक्षा तिप्पट होते, सोबत तारखांचा तक्ता आणि फोटो. असा अर्ज बाजूला सारणं अवघड जातं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, महिनाभरात काही हललं नाही तर त्याच आवक नंबरवर माहिती अधिकारात विचारा की या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई केली, पाहणीचा अहवाल आणि सॅम्पलच्या रिपोर्टची प्रत द्या. त्या अर्जाची पण पोच घ्या आणि वहीच्या मागच्या पानाला चिकटवून ठेवा.